संगणकाचें दप्तर बाहेरच्या हार्ड डिस्कवर

आपल्या खानदेशांतील बागायतदाराच्या घरीं संगणक ही आतां नवलाची वस्तू राहिली नाहीं. शिरपूर तालुक्यांतील पुष्कळ घरांत मुलांच्या शिक्षणासाठीं दहा-बारा वर्षांपूर्वीं घेतलेला एक लहानसा डेस्कटॉप टेबलावर असतो. मुलें शिकून बाहेरगांवीं जातात आणि यंत्र वडिलांच्या वांट्यास येतें. मग त्यावर केळीच्या घडांचा हिशेब, कापसाच्या वजनपावत्या, ठिबक-संचाच्या अनुदानाचे कागद, सोसायटीच्या कर्जाचे उतारे, डिजिटल सहीचा सात-बारा असें एक एक सांठत जातें. आणि पाहतां पाहतां तें यंत्र घरचें दप्तरच बनतें.

अशा यंत्रासंबंधानें अलीकडे दोन तक्रारी वारंवार ऐकूं येतात. पहिली ही कीं, सकाळीं कळ दाबावी आणि चहा घेऊन यावें, तरी पडदा तयार झालेला नसतो. दुसरी ही कीं, यंत्रांतील विंडोज १० या प्रणालीस मायक्रोसॉफ्ट कंपनीकडून मिळणारा नेहमींचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला, आणि विंडोज ११ ही पुढील प्रणाली बहुतेक जुन्या यंत्रांस आपल्यांत घेत नाहीं. दुकानांत विचारावें तर उत्तर मिळतें, "हें भंगार झालें, नवें घ्या." कांहीं यंत्रांविषयीं तो सल्ला खरा आहे, सर्वांविषयीं नाहीं. पुष्कळ यंत्रांस बाहेरून एक लहान हार्ड डिस्क जोडून, आंतील डिस्कला हात न लावतां, त्या बाहेरच्या डिस्कवरूनच सुरू करितां येतें. तें कसें करावें, त्यांत लाभ किती आणि धोका कोठें, हें प्रस्तुत लेखांत क्रमानें सांगण्याचें योजिलें आहे.

यंत्र निराळें, दप्तर निराळें

महसूल खात्यांत ज्यांनीं कारकुनी केली, त्यांस एक गोष्ट पक्की ठाऊक असते: कचेरी निराळी आणि दप्तर निराळें. छप्पर गळूं लागलें तर रुमाल उचलून दुसऱ्या खोलींत न्यावे आणि काम पुढें चालूं द्यावें. १८१८ सालीं पेशव्यांचें राज्य गेलें. परंतु त्यांचें दप्तर राज्याबरोबर गेलें नाहीं. पुण्याच्या पुराभिलेखागारांत तें आजही अभ्यासकांस पाहावयास मिळतें.

संगणकाचीही रचना अशीच आहे. त्यांतील प्रोसेसर हा कारकून समजावा. रॅम म्हणजे त्या कारकुनाचें मेज. काम चालू असेपर्यंत कागद तेथें पसरलेले असतात आणि वीज जातांच मेज रिकामें होतें. हार्ड डिस्क म्हणजे दप्तर. वीज असो वा नसो, तेथील लेखन कायम राहतें. या दप्तरांत दोन प्रकारचा मजकूर असतो. एक, यंत्रानें काम कसें करावें याची नियमपोथी, म्हणजे विंडोज किंवा लिनक्स यांसारखी प्रणाली. आणि दुसरा, आपले स्वतःचे हिशेब, पत्रें व छायाचित्रें.

आतां मुद्दा असा कीं, जुन्या यंत्रांत बहुधा कारकून थकलेला नसतो. दप्तर सांपडण्यास वेळ लागतो. जुन्या धर्तीच्या हार्ड डिस्कमध्यें तबकडी मिनिटास ५४०० किंवा ७२०० फेरे घेते आणि एक बारीक दांडी तिजवर मागें-पुढें सरकत मजकूर वाचते. प्रत्येक नव्या जागीं पोंचण्यास सेकंदाचा सुमारें शंभरावा भाग जातो. हा काळ ऐकण्यास क्षुल्लक वाटतो. पण यंत्र सुरू होतांना असे हजारों तुकडे निरनिराळ्या ठिकाणांहून गोळा करावे लागतात. उलट, एसएसडी नांवाच्या नव्या डिस्कमध्यें फिरणारा एकही भाग नाहीं. सर्व मजकूर चिपांत असतो आणि कोणतीही जागा जवळजवळ तत्काळ हातीं येते. म्हणून जुन्या यंत्रास एसएसडी मिळाली म्हणजे तेंच यंत्र दुसरें असल्यासारखें चालूं लागतें.

यंत्र सुरू होतें म्हणजे काय होतें?

ऑईल इंजिन ज्यांनीं चालविलें आहे, त्यांस हें समजण्यास कठीण नाहीं. इंजिन आपल्या बळावर फिरतें खरें, पण पहिला फेरा हँडल मारून बाहेरून द्यावा लागतो. संगणकासही असाच पहिला फेरा लागतो. नियमपोथी दप्तरांत आहे. पण दप्तर उघडावें कसें, हें सांगणारी पोथीही दप्तरांतच असेल, तर आरंभ कोणीं करावा? यासाठीं मुख्य पाटीवरील एका चिपेंत एक लहानशी पोथी कारखान्यांतच लिहून ठेविलेली असते. जुन्या यंत्रांत तिला बायॉस म्हणतात, नव्यांत यूईएफआय.

कळ दाबतांच ही लहान पोथी जागी होते. रॅम, कीबोर्ड, पडदा जाग्यावर आहेत कीं नाहींत हें तपासते. आणि मग तिजजवळ असलेली एक यादी वाचूं लागते. प्रणाली कोणकोणत्या ठिकाणीं व कोणत्या क्रमानें शोधावी, हें त्या यादींत असतें. पहिल्या ठिकाणीं प्रणाली सांपडली तर तीच सुरू होते. न सांपडली तर दुसरें ठिकाण. या सर्व क्रियेस बूट करणें असें म्हणतात. यादींत आंतील डिस्क पहिली असते ती केवळ प्रघात म्हणून. आपण क्रम बदलला आणि यूएसबीनें जोडलेली डिस्क पहिली केली, तर यंत्र निमूटपणें तिजवरून सुरू होतें. साऱ्या युक्तीचें मर्म एवढेंच आहे.

काय साहित्य लागतें?

पहिली वस्तू म्हणजे सुमारें २५० गीगाबाइटची एसएसडी आणि तिला यूएसबी जोडणारें केस; दोन्ही एकत्र असलेली तयार डिस्कही मिळते. किंमत बाजाराप्रमाणें कमी-जास्त होते, तरी नव्या संगणकाच्या मानानें ती थोडीच असते. दुसरी, ८ गीगाबाइट किंवा त्याहून मोठा एक पेन ड्राईव्ह. तिसरी, तास-दोन तासांची स्वस्थता आणि वीज जाणार नाहीं अशी वेळ. यूपीएस असल्यास उत्तम.

पोर्टाकडे मात्र लक्ष द्यावें. यूएसबी २ चा कमाल वेग सेकंदास ४८० मेगाबिट, म्हणजे कागदोपत्रीं ६० मेगाबाइट. प्रत्यक्षांत त्याहूनही कमी. यूएसबी ३ चा वेग ५ गीगाबिट, म्हणजे दहापटीहून अधिक. साधारण २०१२ नंतरच्या बऱ्याच यंत्रांत हें दुसरें पोर्ट असतें व तें बहुधा आंतून निळें असतें. डिस्क यंत्राच्या पाठीमागील निळ्या पोर्टांत थेट लावावी; मध्यें हब किंवा लांब केबल घालूं नये. पाटाचें पाणी अरुंद मोरींतून नेलें तर विहिरीस कितीही पाणी असून काय उपयोग!

प्रणाली कोणती घ्यावी? विंडोजचा नेहमींचा संच बाहेरच्या यूएसबी डिस्कवर बसण्यास नकार देतो. पूर्वीं "विंडोज टू गो" नांवाची जी सोय होती, ती मायक्रोसॉफ्टनें २०२० सालच्या आवृत्तीपासून काढून टाकली. यासाठीं या कामीं लिनक्स सोईचें पडतें. हिचें बीज फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं घातलें. पुढें जगभरच्या लोकांनीं ती वाढविली आणि आज ती विनामूल्य मिळते. उबंटू व लिनक्स मिंट हे तिचे घरगुती वापरास योग्य असे प्रकार आहेत. उबंटूची दीर्घ आधाराची आवृत्ती दर दोन वर्षांनीं एप्रिलमध्यें निघते आणि तीस पांच वर्षें दुरुस्ती मिळते. आपल्या देशांत सी-डॅक या संस्थेनेंही बॉस नांवाचा लिनक्सचा एक प्रकार तयार केला आहे. या सर्वांत युनिकोड मराठी लिहितां-वाचतां येतें, आणि हिशेबासाठीं लिबरऑफिस मिळतें. रॅम ४ गीगाबाइट असल्यास मिंट बरें चालतें; ८ असल्यास कसलीच अडचण नाहीं.

कृति

१. प्रथम आपले सर्व कागद दुसऱ्या एखाद्या डिस्कवर उतरून घ्यावे. ही पायरी गाळून पुढें जाऊं नये. शेतांत विहिरीचें काम काढण्यापूर्वीं आपण बैल बाजूस बांधतों, तसेंच हें.

२. चालू असलेल्या कोणत्याही संगणकावर प्रणालीची फाईल तिच्या मूळ स्थळावरून उतरून घ्यावी आणि रूफस किंवा एचर या साधनानें ती पेन ड्राईव्हवर चढवावी. नुसती नक्कल करून भागत नाहीं; पेन ड्राईव्ह बूट होण्याजोगा व्हावा लागतो. त्यावरील पूर्वींचा मजकूर या वेळीं पुसला जातो.

३. पेन ड्राईव्ह लावून यंत्र सुरू करावें आणि लगेच बूटची यादी दाखविणारी कळ थांबून थांबून दाबीत राहावें. डेल व लेनोव्होच्या पुष्कळ यंत्रांत ती एफ १२, एचपीमध्यें एफ ९, असूसच्या डेस्कटॉपमध्यें एफ ८ असते. पडद्यावर यादी आली म्हणजे पेन ड्राईव्ह निवडावा.

४. आतां प्रणाली न बसवितां केवळ पाहण्याचा पर्याय घ्यावा. या स्थितींत आंतील डिस्कवर आपण होऊन कांहींही लिहिलें जात नाहीं. इंटरनेट, आवाज, छपाई-यंत्र, मराठी अक्षरें हीं सर्व येथेंच तपासून पाहावीं. छपाई-यंत्र चालत नसेल तर पुढें जाण्यापूर्वींच कळलेलें बरें.

५. समाधान झाल्यावर यंत्र बंद करावें, भिंतींतील प्लग काढावा, झांकण उघडावें आणि आंतील हार्ड डिस्कच्या दोन्ही केबली सोडवून ठेवाव्या. हें पाऊल पुष्कळ लोक अनावश्यक म्हणून टाळतात. परंतु त्याचीं दोन सबळ कारणें आहेत. एक, प्रणाली बसवितांना चुकून आंतील डिस्क निवडली गेली, तर वर्षांचे हिशेब मिनिटांत पुसले जातात. जी डिस्क जोडलेलीच नाहीं, ती पुसली जाऊं शकत नाहीं. दुसरें, दोन्ही डिस्का जोडलेल्या असतां प्रणाली बाहेरच्या डिस्कवर बसते, पण तिची आरंभींची किल्ली, जिला बूटलोडर म्हणतात, ती कधीं कधीं आंतील डिस्कवर ठेविली जाते. मग बाहेरची डिस्क दुसऱ्या यंत्रास लावली तर ती सुरू होत नाहीं. पेटी एका गांवीं आणि किल्ली दुसऱ्या गांवीं, असा प्रकार होतो. ज्या यंत्राचें झांकण उघडणें अवघड आहे, त्यांपैकीं पुष्कळांच्या सेटअपमध्यें आंतील डिस्कचें पोर्ट तात्पुरतें बंद करितां येतें.

६. पुन्हां पेन ड्राईव्हवरून यंत्र सुरू करून, एसएसडी निळ्या पोर्टांत लावून, प्रणाली तिजवर बसवावी. डिस्कचें नांव व आकार दोन वेळां वाचल्याखेरीज होकार देऊं नये.

७. शेवटीं यंत्र बंद करून आंतील डिस्कच्या केबली पूर्ववत् जोडाव्या, डिलीट किंवा एफ २ दाबून सेटअपमध्यें जावें आणि यादींत बाहेरची डिस्क पहिली करावी. आतां एसएसडी लावलेली असेल तर लिनक्स सुरू होईल, काढून ठेविली तर पूर्वींचें विंडोज. जुनें घर न पाडतां शेजारीं नवें बांधल्यासारखें हें आहे. विंडोजमधून निघतांना शिफ्ट कळ धरून यंत्र पूर्ण बंद करावें. नाहींतर विंडोज अर्धवट निजलेलें राहतें आणि लिनक्समधून आंतील कागद वाचतां येतात, पण लिहितां येत नाहींत.

ॲपल कंपनीचा मॅक मिनी हा लहान डेस्कटॉप कोणाकडे असल्यास कृति थोडी निराळी आहे. इंटेल प्रोसेसर असलेल्या मॅकमध्यें सुरू करितांना ऑप्शन कळ दाबून धरली म्हणजे डिस्कांची यादी येते. २०१८ च्या मॅक मिनीमध्यें बाहेरच्या डिस्कवरून सुरू होण्यास मुळांत मनाई असते. रिकव्हरीमध्यें जाऊन सुरक्षेच्या साधनांत ती परवानगी आधीं द्यावी लागते. मॅकमधील डिस्क बदलणें जिकिरीचें असल्यानें जुन्या मॅकवाल्यांस ही बाहेरची युक्ति विशेष उपयोगी पडते.

आंतील डिस्क बिघडली असेल तर

यंत्र सुरू होत नाहीं म्हणजे सर्व हिशेब गेले, असें समजून पुष्कळ लोक हाय खातात. वस्तुतः बऱ्याच वेळां फक्त नियमपोथीचीं पानें फाटलेलीं असतात. कागद शाबूत असतात. अशा वेळीं वर सांगितल्याप्रमाणें पेन ड्राईव्हवरून यंत्र सुरू करावें, आंतील डिस्क उघडून पाहावी आणि कागद दुसऱ्या डिस्कवर उतरून घ्यावे. "विंडोज पुन्हां मारून देतों" असें कोणी म्हटल्यास, आधीं कागद काढले कीं नाहीं, हें विचारल्याशिवाय यंत्र त्याच्या हातीं देऊं नये. कारण प्रणाली पुन्हां बसवितांना डिस्क पुसली जाण्याचा संभव असतो. मात्र डिस्कमधून टक-टक किंवा खरखर असा आवाज येत असेल, तर यंत्र वारंवार सुरू करून पाहूं नये. प्रत्येक प्रयत्नागणिक तबकडीवर अधिक ओरखडे पडण्याची भीति असते. अशी डिस्क तशीच बंद ठेवून जाणत्याकडे न्यावी.

हें कोणास उपयोगी नाहीं?

मुख्य पाटी बिघडलेली असेल, किंवा रॅम २ गीगाबाइटहून अधिक होऊं शकत नसेल, तर बाहेरची डिस्क चमत्कार करणार नाहीं. ज्यांचे हिशेब टॅलीवर आहेत त्यांस विंडोज ठेवावेंच लागेल. झांकण सहज उघडत असेल आणि विंडोजच वापरावयाचें असेल, तर एसएसडी आंतच बसविणें अधिक सरळ. केबल निसटण्याची भीति त्यांत नाहीं. परंतु आधार संपलेल्या विंडोज १० वर बँकेचे व्यवहार करणें शहाणपणाचें नव्हे, हें ध्यानांत ठेवावें.

आणखी एक अडचण मराठी अक्षरांची. श्रीलिपि किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टांत टंकलेलीं पत्रें व ठराव दुसऱ्या प्रणालींत उघडल्यास अक्षरांऐवजीं अर्थहीन खुणा दिसतात. कागद बिघडलेले नसतात. ते वाचण्याचा सांचा तेथें नसतो. असे जुने कागद पीडीएफ करून ठेवावे आणि पुढील लेखन युनिकोडमध्यें करावें, म्हणजे कोणत्याही यंत्रावर तें वाचलें जाईल.

दप्तर बाहेर आलें कीं जबाबदारीही आली

यंत्र चालू असतां ही डिस्क कधींही उपटूं नये; कारकून लिहीत असतां वही ओढून घेण्यासारखें तें आहे. केबल अशी बांधावी कीं झाडतांना धक्का लागणार नाहीं. वैशाखांत आपल्याकडे पत्र्याखालील खोली भट्टीसारखी तापते; डिस्क यंत्राच्या गरम हवेच्या तोंडाशीं किंवा खिडकींतल्या उन्हांत ठेवूं नये. वळवाच्या पावसांत विजा चमकूं लागल्या कीं यंत्र रीतसर बंद करून प्लगच काढावा.

जी वस्तू खिशांत मावते, ती दुसऱ्याच्या खिशांतही मावते. आधारची प्रत, बँकेचे उतारे, जमिनीचे कागद यांसह डिस्क हरवली तर मोठा अनर्थ ओढवेल. म्हणून प्रणाली बसवितांनाच डिस्क सांकेतिक करण्याचा पर्याय घ्यावा. मग परवलीच्या शब्दाशिवाय ती कोणास वाचतां येत नाहीं. तो शब्द घरांतील एका विश्वासू माणसास ठाऊक असावा, आणि कागदावर लिहून तिजोरींत ठेवावा. कारण विसरल्यास मालकासही दार उघडत नाहीं.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही कीं, काम करण्याची डिस्क म्हणजे जतनाची प्रत नव्हे. एकच प्रत आंतून बाहेर आणल्यानें ती दोन होत नाहीं. महिन्यांतून एकदां सर्व कागदांची नक्कल दुसऱ्या डिस्कवर घ्यावी आणि ती दुसऱ्या घरीं ठेवावी. वर्षानुवर्षें कपाटांत ठेवण्यास एसएसडीपेक्षां जुन्या धर्तीची फिरती डिस्क बरी. वीज न मिळालेल्या एसएसडीमधील मजकूर कालांतरानें विरूं शकतो. आंतील जी जुनी डिस्क आतां मोकळी झाली, ती आवाज करीत नसेल तर याच कामास लावावी. तिच्यावर एकटीवर मात्र विसंबूं नये.

आपल्या शिरपुरांत आर. सी. पटेल इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीसारखें अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आणि गांवोगांवचीं मुलें तेथें संगणकशास्त्र शिकतात. झांकण उघडण्याचें धैर्य होत नसेल, तर शेजारच्या अशा एखाद्या मुलास बोलवावें. पण काम त्याच्यावर सोंपवून उठून जाऊं नये. डिस्क कोणती निवडली जात आहे, तें आपल्या डोळ्यांनीं पाहावें. सात-बाराच्या उताऱ्यावर आपण जसें आपलें नांव व क्षेत्र स्वतः वाचून घेतों, तसेंच येथेंही करावें. यंत्र आज ना उद्यां जाणारच आहे. तें जाईल तेव्हां दप्तर आपल्या हातीं असावें, एवढ्यासाठीं हा खटाटोप.